‘मड’चा इतिहास खेळून कसा शिकावा

इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी दर रविवारी सकाळी, पोहे-जिलबी आटोपली की, महाविद्यालयात जाणारी चार-पाच मुले आपापले लॅपटॉप घेऊन बसतात आणि १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात जन्मलेला एक खेळ आम्ही मिळून खेळतो. या खेळात चित्र नाही आणि आवाजही नाही. पडद्यावर इंग्रजी मजकूर उमटतो, आपण एक-दोन शब्दांची आज्ञा टाइप करतो, आणि त्याच वेळी भलत्याच देशात बसलेला एखादा खेळाडू त्याच माळावर, त्याच झोपडीत आपल्या शेजारी येऊन उभा राहतो. खेळाचे पूर्ण नाव ‘मल्टी-यूझर डन्जन’ असे आहे. सगळे त्याला ‘मड’ म्हणतात, आणि त्याच्या वळणाचे शेकडो खेळ निघाल्यावर मूळ खेळाला ‘मड-वन’ म्हणण्याचा प्रघात पडला.

आज कोट्यवधी लोक जे ऑनलाइन अद्भुतखेळ खेळतात, त्यांतली पातळ्या चढत जाण्याची, खजिना शोधण्याची आणि अनोळखी माणसांबरोबर टोळी बांधण्याची रीत या मजकुराच्या खेळापर्यंत मागे नेता येते. हा इतिहास तारखांच्या तक्त्यातून सांगितला की निर्जीव होतो, कारण एक खेळ दुसऱ्यापासून का निघाला आणि निघताना त्याने काय घेतले व काय टाकले, हे तक्त्यात दिसत नाही. ते खेळताना दिसते. म्हणून हा इतिहास ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने खेळून शिकावा, आणि खेळताना हाताने नोंदी ठेवाव्यात, अशी पद्धत मी मुलांसाठी बसवली आहे. तीच येथे देत आहे.

तयारीला फार काही लागत नाही. गणिताची चौकटीची एक वही घ्यावी, पेन्सिल घ्यावी (पेन नको, कारण पुढे बरेच खोडावे लागते) आणि संगणकावर ‘मडलेट’ हा विनामूल्य प्रोग्राम उतरवून घ्यावा. हे खेळ टेलनेट या जुन्या पद्धतीने जोडले जातात. ही पद्धत १९८३ साली आज आहे त्या स्वरूपात ठरली. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये टेलनेट असते, पण मुळात बंद ठेवलेले असते, त्यामुळे नवशिक्याने त्याच्या मागे न लागता मडलेट वापरलेले बरे. त्यात खेळाचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक भरला की जोडणी होते. हे दोन्ही त्या त्या खेळाच्या संकेतस्थळावर दिलेले असतात. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी ध्यानात घ्याव्यात. टेलनेटवरून जाणारी अक्षरे सांकेतिक रूपात बदललेली नसतात, वाटेत कोणीही ती वाचू शकतो, म्हणून बँकेसाठी किंवा ईमेलसाठी वापरत असलेला पासवर्ड येथे चुकूनही देऊ नये. दुसरे असे की मडलेटमधली नोंद ठेवण्याची सोय सुरुवातीलाच चालू करावी, म्हणजे पडद्यावर आलेला सर्व मजकूर फाइलमध्ये जमा होतो. एकदा आमच्याकडे एका मुलाने तीन तास घालून एक अवघड कोडे सोडवले, नोंद चालू करायला मात्र तो विसरला होता, आणि पुढच्या रविवारी ते कसे सुटले हे त्याला सांगता आले नाही. मडलेटमध्ये आपोआप नकाशा काढण्याचीही सोय आहे. ती पहिले दोन महिने तरी वापरू नये, असा माझा आग्रह आहे. त्याचे कारण पुढे येईल.

मडला हात घालण्यापूर्वी एक रविवार ‘अ‍ॅडव्हेंचर’ या एकट्याने खेळायच्या खेळाला द्यावा. विल क्राउदर यांनी तो १९७६ च्या सुमारास लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढवला. क्राउदर स्वतः गुहा धुंडाळणारे होते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या विशाल गुहासमूहाची त्यांना प्रत्यक्ष ओळख होती आणि खेळातली भुयारे त्या ओळखीतून आली आहेत. ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’, ‘पाहा’ अशा आज्ञांनी जग चालवण्याची भाषा येथे घडली. एकसारख्या दिसणाऱ्या खोल्यांच्या भूलभुलैयात प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकून खूण करण्याची युक्तीही येथेच शिकून घ्यावी, पुढे ती पदोपदी लागते. याच सुमारास एमआयटीमध्ये ‘झॉर्क’ तयार झाला. फोरट्रान या संगणकाच्या भाषेत उतरवलेली त्याची आवृत्ती ‘डन्जन’ या नावाने फिरत होती, आणि ज्या यंत्रावर मड जन्मला त्यावर फाइलचे नाव सहा अक्षरांतच बसवावे लागे, म्हणून तिचे नाव ‘डी-यू-एन-जी-ई-एन’ असे आखडून लिहिले जाई. मडच्या नावातला ‘डन्जन’ तळघरावरून आलेला नाही, या खेळावरून आलेला आहे. असा खेळ अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, एवढाच त्या नावाचा अर्थ होता, आणि तो कळला की मडच्या जगात तळघरापेक्षा उघडी जमीन जास्त का आहे, याचे नवल वाटेनासे होते.

आता मूळ खेळ. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ च्या शरद ऋतूत एसेक्सच्या डेक कंपनीच्या पीडीपी-१० यंत्रावर काम सुरू केले. त्या यंत्रावर एकाच वेळी अनेक जण टर्मिनलवर बसून काम करीत, पण प्रत्येकाचा प्रोग्राम आपापल्या कप्प्यात बंद असे. स्मृतीचा एक भाग सर्वांना सामाईक ठेवून त्यात लिहिताही येते, हे ट्रबशॉ यांनी हेरले. पहिली आवृत्ती हे जमते की नाही एवढे पाहण्यापुरतीच होती. दोघे एका ठिकाणी ‘आहेत’ आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला दिसते, एवढ्यावर तिचे काम झाले. दुसरी आवृत्तीही मॅक्रो-१० या यंत्रालगतच्या भाषेतच होती, आणि ती वाढवणे जड जाऊ लागल्यावर १९७९ मध्ये त्यांनी बीसीपीएल भाषेत तिसरी सुरू केली. १९८० मध्ये विद्यापीठ सोडताना ती त्यांनी आपला सहाध्यायी मित्र रिचर्ड बार्टल यांच्या हाती सोपवली. आज मड-वन म्हणून आपण जे खेळतो ते या हातबदलानंतर पूर्ण झालेले काम आहे. खेळाडू ज्यांत अडकतो, हसतो, चिडतो त्या खोल्या, वस्तू आणि कोडी बऱ्याच अंशी बार्टल यांची आहेत, आणि ती ज्या पायावर उभी आहेत तो पाया ट्रबशॉ यांचा आहे. दोघांपैकी एकाचेच नाव घेऊन हा इतिहास सांगणे मला अन्यायाचे वाटते, आणि मुलांनाही मी ते करू देत नाही.

खेळ सुरू होतो तो दोन प्रदेशांना जोडणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर. पश्चिमेला रस्ता पुढे जातो, दूरवर गवताने शाकारलेली एक झोपडी आणि तिच्या समोर जुनी दफनभूमी दिसते. पूर्वेला धुके आहे, आणि त्या धुक्यातून आपण आलो. हे वर्णन आले की लगेच पुढे पळू नये. ते मोठ्याने वाचावे आणि वहीत त्या जागेची एक चौकट काढून नाव लिहावे. मग प्रत्येक वाट एकेका बाणाने दाखवावी, आणि पुढच्या जागी गेल्यावर तिथून परत येऊन पाहावे. इथेच आपोआप नकाशा न वापरण्याचे कारण कळते. उत्तरेला गेलेली वाट दक्षिणेने परत येईलच असे या जगात नाही. कधी तीन वेगवेगळ्या दिशा एकाच जागी नेतात, तर कधी चुकलेले पाऊल थेट कड्यावरून खाली टाकते. नकाशा प्रोग्रामने काढला तर हे वळण नुसते रेघ होऊन बसते. हाताने काढताना मात्र पेन्सिल अडते, आणि ती जिथे अडली तिथे जग रचणाऱ्याने मुद्दाम काहीतरी केलेले असते.

सराव म्हणून आम्ही आधी आपल्या गावाचा असा नकाशा काढतो. या खेळांत प्रत्येक जागेला, ती उघड्यावर असली तरी, ‘खोली’च म्हणतात, म्हणून राजवाडा ही एक खोली, समोरचा बगीचा दुसरी, मागचा सराफा तिसरी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या चौथी. मग प्रश्न येतो की सराफ्याचे वर्णन काय लिहायचे? दिवसा तिथे दागिन्यांची दुकाने असतात, आणि रात्री ती मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबीच्या कढया लागतात. म्हणजे जागा एक आणि वर्णने दोन. एका मुलीने या दोन खोल्या मानल्या, दुसरीने एकच खोली मानून वेळेचे कलम घातले, आणि त्यांचा वाद तासभर चालला. जग शब्दांनी रचणाऱ्याला रोज पडणारा प्रश्न त्यांना अशा रीतीने घरबसल्या पडला.

मूळ खेळात गुण मिळवायचा मुख्य मार्ग म्हणजे खजिना शोधून दलदलीत नेऊन टाकणे. नवशिक्या या पदापासून सुरुवात करून गुणांच्या पायऱ्या चढत शेवटी ‘विझर्ड’ म्हणजे मायावी व्हायचे, स्त्री पात्र असेल तर ‘विच’. विझर्ड झालेल्याला जगावरच सत्ता मिळते, त्याला अदृश्य राहता येते, दुसऱ्यांना हलवता येते, त्यांचे बोलणे ऐकता येते. हे पद खेळूनच मिळवावे लागे, आणि त्यामुळे जगाची देखरेख करणारी माणसे त्या जगात मुरलेली असत. जन्माने मिळालेल्या वर्गावर माणसाची किंमत ठरू नये, तर तो काय करतो यावर ठरावी, हा विचार या पायऱ्यांमागे होता असे बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. ते दोघेही सामान्य घरांतून आले होते आणि त्या काळचा इंग्लंडमधला वर्गभेद त्यांनी पाहिला होता. मुलांना हे सांगितल्यावर पातळी चढण्याकडे त्यांची पाहण्याची दृष्टी बदलते, असा माझा अनुभव आहे.

दोन नियम आजच्या खेळाडूला फार कठोर वाटतात, म्हणून त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. पहिला मृत्यूचा. लढाईत पात्र मेले की त्याची नोंदच पुसली जाते, महिनाभराची कमाई क्षणात जाते. दुसरा ‘रीसेट’चा. खजिना मोजका असतो, आणि तो उचलून संपत आला की सारे जग मोडून पुन्हा पहिल्यासारखे मांडले जाते. खेळाडूचे गुण तेवढे टिकतात. आजच्या खेळांत राक्षस मारला की थोड्या वेळाने तो पुन्हा उगवतो. मडमध्ये मात्र सकाळी कोणी राक्षस मारला असेल तर पुढच्या रीसेटपर्यंत तो मेलेलाच राहतो. वहीत प्रत्येक रीसेटची वेळ लिहावी आणि त्याआधीच्या दहा मिनिटांत खेळाडू काय करतात ते पाहावे. त्या दहा मिनिटांत जगाची खरी अर्थव्यवस्था उघडी पडते.

हा खेळ बाहेर कसा गेला, हेही खेळण्याच्या वेळांवरून समजते. १९८० मध्ये एसेक्स विद्यापीठ एका प्रायोगिक जाळ्यातून अमेरिकेच्या आर्पानेटला, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपाला, जोडले गेले, आणि ब्रिटनबाहेरचे लोकही आत येऊ लागले. विद्यापीठाचे यंत्र दिवसा अभ्यासाच्या कामांना लागे, म्हणून बाहेरच्यांना मध्यरात्रीनंतरचे काही तास मिळत. घरच्या टेलिफोनवर मोडेम लावून ब्रिटनमधली मुले त्या वेळी जागत. (तिकडची ती उत्तररात्र म्हणजे आपल्याकडची सकाळ. म्हणून आमचा रविवारचा वर्ग सकाळी असतो, हा योगायोग मला फार प्रिय आहे. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, म्हणजे त्या पिढीला हा खेळ खेळताच आला नाही.) पुढे कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी सेवेवर ‘ब्रिटिश लेजेंड्स’ या नावाने मड-वन १९८७ पासून १९९९ पर्यंत चालला. सन २००० च्या सुमारास व्हिक्टर टॉथ यांनी तो आजच्या यंत्रांवर चालेल असा उतरवला, आणि त्याच नावाने तो आजही खुला आहे. आम्ही खेळतो तो हाच.

मूळ खेळाला दोन-तीन महिने दिल्यावर वंशजांकडे वळावे. येथे एक गोष्ट मनात पक्की धरावी. प्रत्येक वंशजाने आपल्या आधीच्या खेळातल्या एका अडचणीला उत्तर दिले आहे, आणि ती अडचण आपल्याला आधी जाणवलेली असली तरच ते उत्तर कळते. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ येथे अ‍ॅलन कॉक्स हे मड-वन खेळून तयार झालेले विद्यार्थी होते. त्यांनी १९८७ मध्ये ‘अ‍ॅबरमड’ लिहिला, तो आधी हनीवेलच्या मोठ्या यंत्रावर बी भाषेत होता आणि वर्षभराने सी भाषेत आणि युनिक्स या संगणकप्रणालीवर आला. पुढे लिनक्सच्या गाभ्यावर काम करून प्रसिद्ध झालेले कॉक्स हेच. संगणक शिकणाऱ्या मुलांना मी येथे फळ्यावर दोन ओळी एकाखाली एक लिहून दाखवतो. बीसीपीएलमधून बी, बीमधून सी ही भाषांची वंशावळ, आणि बीसीपीएलमधला मड, बीमधला अ‍ॅबरमड, सीमधला अ‍ॅबरमड ही खेळांची. दोन्ही वंशावळी हातात हात घालून चालल्या आहेत. युनिक्स विद्यापीठाविद्यापीठात होते, म्हणून सीमध्ये उतरलेला खेळ जगभर पसरला. मड-वनची कीर्ती मोठी असली तरी त्याचा कोड पीडीपी-१० च्या ३६ बिटांच्या शब्दांशी जखडलेला होता, त्यामुळे तो दुसऱ्या यंत्रांवर सहज नेता येत नव्हता.

१९८९ साल या इतिहासात सर्वांत गजबजलेले आहे, आणि त्यासाठी वहीची दोन पाने मोकळी ठेवावीत. त्या वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठात जिम अस्पनेस यांनी ‘टायनीमड’ लिहिला. त्यात लढाई नाही, गुण नाहीत, पण कोणीही नवी खोली बांधू शकतो. लोक तिथे बांधत बसले आणि बोलत बसले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये लार्स पेन्शो यांना अ‍ॅबरमडमधले साहस हवे होते आणि टायनीमडमधली बांधण्याची मुभाही हवी होती. त्यांनी ‘एलपीमड’ केला आणि त्याच्याबरोबर सीच्या वळणाची एलपीसी ही भाषा केली. तिच्यात खेळ चालू असतानाच विझर्ड नवा प्रदेश लिहून जोडू शकतो. एलपीमडच्या घराण्यातला ‘डिस्कवर्ल्ड मड’ १९९१ पासून चालू आहे आणि नवख्याला हात धरून शिकवतो, म्हणून वर्गासाठी मी तो निवडतो. तिथे जाऊन मड-वनमध्ये लिहिलेल्या नोंदींशी ताडून पाहावे. मेल्यावर काय होते? रीसेट आहे का? बोलण्यासाठी किती वेगवेगळ्या आज्ञा आहेत? माझ्या मते या तीन प्रश्नांनी कोणत्याही मडचे घराणे ओळखता येते.

कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्यांनी १९९० मध्ये सुरू करून १९९१ मध्ये जगाला दिलेला ‘डिकूमड’ मात्र सर्वांत दूरवर पोचला. त्यात जग बदलण्याची मुभा नव्हती. उतरवून घ्या, चालू करा, खेळा, इतके ते सोपे होते. योद्धा, पुरोहित, मांत्रिक, चोर हे वर्ग, टोळी बांधून राक्षसावर जाणे, मेलेला राक्षस पुन्हा उगवणे, ही आजची ओळखीची चौकट येथे घट्ट झाली. १९९९ मध्ये आलेला चित्रमय ‘एव्हरक्वेस्ट’ या चौकटीशी इतका मिळताजुळता होता की कोड चोरल्याची कुजबूज झाली, आणि २००० मध्ये त्याच्या निर्मात्यांनी डिकूचा कोड वापरला नसल्याचे शपथपत्र दिले. हा प्रसंग मुलांना सांगताना कोड घेणे आणि रीत घेणे यांतला भेद समजावून द्यावा, कारण या साऱ्या इतिहासात रीत एका हातातून दुसऱ्या हातात गेली आहे, कोड क्वचितच गेला आहे.

आता ‘पहिला’ या शब्दाविषयी. मड हा जगातला पहिला बहुखेळाडू खेळ होता, असे मुले उत्साहाने लिहितात. ते खोडावे. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या यंत्रणेवर सत्तरच्या दशकातच अनेकांनी मिळून खेळायचे भुयारांचे खेळ होते, आणि अमेरिकेत इतरांनीही स्वतंत्रपणे असे प्रयत्न केले होते. पण त्या खेळांपासून पुढे अशी सलग परंपरा निघाली नाही, आणि मडपासून निघाली. म्हणून ‘ज्याचे वंशज टिकले तो’ असे लिहावे, ते खरेही आहे आणि मडचा मान त्याने कमी होत नाही. त्याचप्रमाणे निर्मात्यांनी वीस-तीस वर्षांनी सांगितलेली आठवण, जाहिरातीतला दावा आणि कोडमधली ओळ यांना वहीत वेगवेगळ्या रंगांनी लिहावे. आमच्याकडे कोडला काळा, आठवणीला निळा आणि जाहिरातीला लाल रंग आहे. एखादी गोष्ट फक्त लाल रंगात राहिली तर ती निबंधात घ्यायची नाही, असा नियम आहे.

शेवटचे काम हाताने करायचे आहे. मड-वनचे जग ‘मडल’ नावाच्या, खास त्यासाठीच केलेल्या भाषेत लिहिलेले होते. खोल्या एका भागात, कोणत्या दिशेने कोठे जाता येते त्याचा तक्ता दुसऱ्या भागात, वस्तू तिसऱ्या भागात, आणि ठरावीक वेळाने आपोआप घडणाऱ्या घटना, ज्यांना ‘डीमन’ म्हणत, त्या वेगळ्या. प्रत्येक खोलीला उजेडाची की अंधाराची, पाऊल टाकताच मरण देणारी की सुरक्षित, असे गुणधर्म लावता येत. सुरुवातीला काढलेला राजवाडा-सराफ्याचा नकाशा आता पुन्हा काढावा आणि तो या भागांत विभागून लिहावा, आधी कागदावर, मराठीतच. छत्र्यांच्या आत उजेड की अंधार ते ठरवावे, बगीच्यातून राजवाड्यात जाणारी वाट रात्री बंद ठेवायची का ते ठरवावे. आमच्या वर्गातल्या त्या दोघींचा वाद या टप्प्यावर मिटला. सराफा एकच खोली राहिली, आणि दुकाने मिटली की दागिन्यांच्या पेट्या उचलून नेणारा आणि कढया आणून ठेवणारा एक डीमन त्यांनी तिच्यावर नेमला. रीसेट झाला की पेट्या परत जागेवर येतात.